रोबोटिक्स टीमनं मिळून प्रकल्प करताना या चुका टाळा

नाशिकमध्ये रोबोटिक्स करणाऱ्या पोरांना मी नशीबवान समजतो. पत्रा कापून घ्यायला सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत हाताशी आहे आणि रोबोट फिरवून बघायला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा आहेत. त्यामुळे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर अशा तीन विभागांची, कधी दोन कॉलेजांची मिळून टीम होते, सोबत एखादे बागायतदारही येतात. असे प्रकल्प मी जवळून बघत आलोय. एकाचं काम दुसऱ्याच्या हातात जातं, बहुतेक वेळा तिथेच ते अडतात. जळालेली मोटार संध्याकाळपर्यंत बदलता येते. दोन गटांनी एकच आकडा दोन अर्थांनी वापरला असेल, तर तो सापडायला आठवडे जातात.

एकक आणि दिशा तोंडी ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बागेच्या ओळींमधून चालणारा एक रोबोट होता. जीपीएस आणि होकायंत्र एका कॉलेजकडे, रोबोट चालवण्याचा प्रोग्रॅम दुसऱ्याकडे. पहिल्या गटानं दिशा पाठवली अंशांत, उत्तरेपासून, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. दुसऱ्यांचा प्रोग्रॅम आरओएसच्या (रोबोटचे प्रोग्रॅम लिहायच्या तयार सॉफ्टवेअरच्या) रिवाजानं लिहिलेला, म्हणजे रेडियनमध्ये (कोनाचं दुसरं एकक, पूर्ण फेरी म्हणजे साधारण ६.२८), पूर्वेपासून, काट्यांच्या उलट मोजणारा. रोबोटचं तोंड पूर्वेला असताना एका गटाकडे ९० होते आणि दुसऱ्याला हवे होते ०. त्यात ९० रेडियन म्हणजे चौदा फेऱ्यांहून जास्त. रोबोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटके देत जागीच फिरत राहिला.

पोरं पीआयडीचे, म्हणजे रोबोटचं वळणं आवरणाऱ्या कंट्रोलरचे, आकडे बदलत बसली. मग कुणीतरी अंशांचे रेडियन केले आणि झटके थांबले. पण रोबोट आता ओळीकडे वळायचं सोडून तिच्याकडे पाठ करायला लागला, कारण मोजायची बाजू अजून उलटीच होती. दोन्ही गटांनी आपापला भाग वेगवेगळा तपासला होता आणि दोघांचंही बरोबर होतं. म्हणून प्रत्येकाला खात्री होती, की घोळ समोरच्याचा आहे.

हे फक्त विद्यार्थ्यांचं होतं असं नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं. कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरनं थ्रस्टरच्या जोराचे आकडे पौंड-सेकंदांत दिले होते आणि नासाच्या बाजूनं ते न्यूटन-सेकंद म्हणून घेतले गेले.

माझा उपाय म्हणजे लॅबच्या भिंतीवर एक कागद. प्रत्येक संदेशाचं नाव, एकक, शून्य कुठून, धन बाजू कुठली, सेकंदाला किती वेळा येणार, कोण पाठवणार. खाली दोन्ही गटांच्या सह्या. पोरांना हे काम कंटाळवाणं वाटतं, ‘सर, कोड तर लिहू द्या’ म्हणून मागे लागतात. कागद भरल्याशिवाय मी लिहू देत नाही. कागद झाला की पहिल्याच आठवड्यात खोटे आकडे इकडून तिकडे पाठवून बघायचे. त्यासाठी रोबोट तयार असायची गरज नाही.

एकाच वाय-फायवर सगळे रोबोट

आरओएस २ मध्ये डोमेन आयडी (कोणाचे संदेश ऐकायचे ते ठरवणारा क्रमांक) बदलला नाही तर तो ० असतो, आणि एका नेटवर्कवरचे एकाच डोमेनचे संगणक एकमेकांचे संदेश ऐकतात. वेगाच्या आदेशाचं नाव बहुतेक सगळे ट्युटोरियलमधलंच ठेवतात. एका लॅबमध्ये टेबलावरचा रोबोट अचानक चालायला लागला आणि पडता पडता वाचला. त्या टीमनं मोटार ड्रायव्हर (मोटारीला वीज देणारा बोर्ड) बदलला, वायरिंग उसवून पुन्हा केलं. शेजारच्या टीमचा मुलगा कीबोर्डवर बाण दाबत होता, एवढंच कारण होतं. प्रत्येक टीमला ० ते १०१ मधला वेगळा आकडा द्या आणि तो रोबोटवरच मार्करनं लिहा. लिनक्स आणि आरओएसची आवृत्तीही सगळ्यांची एकच हवी. एकाकडे हंबल, दुसऱ्याकडे जॅझी असलं तर ते जमेलच याची हमी नाही.

बागेत घाईनं जाणं

याचा मला खरोखर राग येतो. कॉलेजच्या सबमिशनची तारीख जवळ आली की पोरं बागायतदारांना फोन करतात, ‘नाना, अर्धा तासच लागेल.’ ऑक्टोबर छाटणीनंतर त्या माणसाला डाऊनी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या, थिनिंग (मण्यांची विरळणी), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) यातून मान वर काढायला वेळ नसतो. अर्ध्या तासाची दुपार होते आणि मजूर खोळंबतात. एका टीमच्या रोबोटनं ठिबकची नळी ओढून तोडली, पोरं ‘सॉरी’ म्हणून निघून आली. पुढच्या वर्षी त्या बागेतून फोन उचलला गेला नाही, आणि तिथे जायची पाळी होती नव्या बॅचची, जिचा यात काही दोष नव्हता.

शिवाय लॅबच्या फरशीवर सरळ चालणारा रोबोट ओल्या काळ्या मातीत चालतोच असं नाही. चाकांत चिखल भरतो, चाक जागीच फिरतं, चाकाच्या फेऱ्या मोजणारा एन्कोडर मात्र अंतर मोजत राहतो. फवारणीचे थेंब कॅमेऱ्याच्या काचेवर वाळतात आणि पान ओळखणारं मॉडेल चुकायला लागतं.

म्हणून पहिली फेरी रोबोटशिवाय करा. ओळींमधलं अंतर मोजा, ठिबकच्या नळ्या कुठून जातात ते बघा, घमेलंभर माती मागून आणा आणि ती ओली करून लॅबमध्ये चाकं फिरवा. फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नका. माल निघाल्यावर, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीच्या आधी बाग विश्रांतीला असते, चाचणीला तेच दिवस मागा. आणि जे सापडलं ते त्यांना जाऊन मराठीत सांगा. हे न करणाऱ्या टीमला मी दुसऱ्या बागेचा पत्ता देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एल२९८एन हा मोटार ड्रायव्हर स्वस्त मिळतो म्हणून सगळीकडे लावू नका. एका अँपिअरलाच साधारण दोन ते तीन व्होल्ट तो खातो, आणि अडकलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

दोन गटांचे बोर्ड जोडताना ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) एकत्र केलंय का, हे सगळ्यात आधी बघा.

डीएक्सएफ फाईल (पत्रा कापायचं ड्रॉइंग) वर्कशॉपला पाठवताना ती मिलिमीटरमध्ये आहे हे लिहा आणि एक माप सोबत द्या. व्हॉट्सॲपवरच्या ‘फायनल २’ फाईलवरून पत्रा कापायला कुणी सांगू नये.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी सुट्टीत पूर्ण भरून ठेवू नका, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. वापरताना सेल ३.५ च्या खाली गेला की थांबा.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण मोटारींची वीज थेट तोडणारं हवं. प्रोग्रॅमला ‘थांब’ सांगणारं बटण मी चालवून घेत नाही, कारण रोबोट आवरेनासा होतो तेव्हा अनेकदा प्रोग्रॅमच अडकलेला असतो. बटण कोणाच्या हातात राहणार, ते रोबोट सुरू करायच्या आधी नाव घेऊन ठरवा. त्या माणसाकडे लॅपटॉप द्यायचा नाही.