सायकलच्या इंजिनाला नवं हेड

इथे अमेरिकेत सायकलला बसवायचं टू-स्ट्रोक इंजिन किटमध्ये मिळतं. माझं '80 सीसी' म्हणून विकलेलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 47, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 38 मिमी, म्हणजे हिशेबाने जेमतेम 66. असो. चढावर हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या, सांध्यातून फुसफुस यायची, फिन्सवर (गार करणाऱ्या पात्यांवर) काळं तेल. मूळ हेड काचेवर ठेवलं तर डुगडुगत होतं, म्हणजे तळ सपाट नव्हता.

नवं घेताना मोठ्या फिन्सना भुललो नाही. आधी स्टड (हेड धरून ठेवणारे आट्यांचे दांडे) मोजले: माझे 8 मिमीचे, काही इंजिनांना 6 चे असतात. स्पार्क प्लगही त्याच आट्यांच्या लांबीचा हवा, लांब पडला तर पिस्टनला भिडतो.

खरी गोम स्क्विशची, म्हणजे पिस्टन वर आल्यावर कडेला उरणाऱ्या फटीची. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पार कडेपर्यंत, पिस्टनच्या पिनच्या रेषेत घातली (नाहीतर पिस्टन कलतो), इंजिन हाताने फिरवलं आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजलं. जुन्या हेडखाली 1.6 मिमी, नव्याखाली 0.9. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. इंजिन तापून गार झाल्यावर पुन्हा एकदा. आता चढाला पायडल मारावं लागत नाही, फक्त फट कमी झाल्याने आतला दाब वाढला, म्हणून 87 ऐवजी 93 ऑक्टेनचं (दाबाखाली अवेळी न पेटणारं) महागडं पेट्रोल लागतं.