पावसाळ्यासाठी फाटी (जळणाची लाकडं) पिंजऱ्यात भरून ठेवा

भंगारात हजार लिटरची पांढरी टाकी मिळते ना, लोखंडी पिंजऱ्यातली, तिची प्लास्टिक टाकी काढून टाका (आत काय केमिकल होतं ते आधी विचारा, आणि ते प्लास्टिक चुलीत अजिबात घालू नका), उरलेल्या पिंजऱ्यात साधारण एक घनमीटर फाटी मावतात. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची, आकेशियाची लाकडं एप्रिलमध्येच फोडून थेट त्यातच टाकतो, परत रचायची कटकट नाही, जाळीतून वारा लागतो आणि वाळतात पण.

उचलताना ट्रॅक्टरचे फोर्क (उचलायचे दोन लोखंडी दांडे) पिंजऱ्याच्या पॅलेटखाली, म्हणजे खालच्या बैठकीखाली, पूर्ण आत घाला, अर्धे घातले की पिंजरा पुढे झुकतो, माझा एकदा असाच कलंडला आणि सगळी फाटी पाटात. ओली लाकडं भरली तर वजन पाचशे किलोच्या वर सहज जातं, म्हणून पुढे लोडर असेल तर मागे वजन लावाच, आणि नेताना पिंजरा जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. लोडर पुढे असेल तर उतारावर ट्रॅक्टरचं तोंड चढाकडे ठेवून रिव्हर्सने उतरा.

ठेवताना खाली चिरे, वर पत्रा, बाजू उघड्याच, ताडपत्रीने गुंडाळलंत तर बुरशी येणारच. आणि हात घालण्याआधी काठीने ठोका, फुरसं असतं कधीकधी.