लाँचसाठी सस्पेन्शन बदलताय? आधी लोअर आर्मचा मागचा बुश बघा

मागच्या वेळी ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर, सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतीत, माझी पुंटो दुसऱ्याच रनला बसली. उजव्या अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट फुटला आणि लोणावळ्यापर्यंत गाडी टो करून आणावी लागली. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) नवे होते, टायर नवे होते, अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांचा, कागद हिरवागार होता, सगळे आकडे बरोबर. लोअर आर्मचा (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) मागचा बुश (सांध्यातलं रबर) मात्र गाडी घेतली तेव्हापासूनचा होता. तो माझ्या यादीतच नव्हता. यंदा पुन्हा जायचंय, म्हणून यादी नव्याने लिहितोय, आणि यावेळी बुशपासूनच सुरुवात करतोय.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमची गाडी कुठल्या चाकांनी ओढते? माझी अबार्थ पुंटो आहे, 1.4 टी-जेट, 145 बीएचपी, 212 न्यूटन मीटर, रांजणगावला बनलेली. ओढ पुढच्या चाकांची. आपल्याकडे ड्रॅगला येणाऱ्या बऱ्याच गाड्या अशाच आहेत, पण लाँचच्या (म्हणजे जागेवरून झटक्यात सुटण्याच्या) सस्पेन्शनवरचे सल्ले आणि व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांचे असतात. तिथे नाक वर उठलं की लोक खूश होतात, कारण वजन मागे जातं आणि मागचीच चाकं गाडी ढकलतात. म्हणून ते पुढचे शॉकअप सैल ठेवतात, पुढचा अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) काढून टाकतात. तेच पुढच्या ओढीच्या गाडीला केलंत तर नाक उगाच वर जाईल आणि ज्या चाकांनी ओढायचं त्यांचेच कोन बिघडतील. कुठलाही सल्ला वाचताना गाडी कुठली ते आधी बघा.

आता वजनाचा हिशेब, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. गाडी सुटताना मागे जाणारं वजन तीन गोष्टींवर ठरतं: गाडी किती जोरात सुटते, तिचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि व्हीलबेस किती आहे. पुंटोचं वजन 1200 किलो धरा, व्हीलबेस 2.51 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर. 0.45 जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या 0.45 पट त्वरणाने) सुटलात तर पुढच्या चाकांवरून सुमारे 118 किलो मागे जातात. स्प्रिंग कितीही कडक करा, गाडी त्याच जोराने सुटत असेल तर हा आकडा जवळपास तोच राहतो. स्प्रिंगने फरक पडतो तो गाडी किती कलते आणि कलताना चाकांचे कोन किती बिघडतात यात. आणि गाडी सरासरी 25 मिलिमीटर खाली बसवून काय मिळतं? 118 चे 113 होतात. पाच किलो! त्या पाच किलोंसाठी मी लाखाच्या घरात खर्च केला आणि काही हजारांचा बुश सोडून दिला.

म्हणून पहिलं काम: लोअर आर्मचा मागचा बुश. लोअर आर्मला बॉडीच्या बाजूला दोन बुश असतात. पुढचा लहान आणि कडक, मागचा बहुधा मोठा आणि मऊ. तो मऊ ठेवतात तो खड्ड्यात चाक आदळलं की धक्का गिळायला. रोजच्या वापरात ते बरोबरच आहे. लाँचला घोडं पेंड खातं ते इथेच. क्लच सोडला की टायर जमीन पकडतो आणि चाक पुढे खेचतो. मागचा बुश दबतो, आर्म थोडा फिरतो, चाक जागेवरून पुढे सरकतं. बुश आणखी दबू शकत नाही तेव्हा टायरची पकड सुटते, चाक झटक्यात मागे येतं, पुन्हा पकड, पुन्हा सुटणं. सेकंदाला कित्येक वेळा. स्टिअरिंगमध्ये हातोडे बसल्यासारखं वाटतं. हा व्हील हॉप. दर वेळी पकड परत येते तेव्हा त्या झटक्याचा सगळा भार अ‍ॅक्सलच्या जॉइंटवर पडतो, आणि एका झटक्याला तो जॉइंट जातो.

हॉप टायर खराब म्हणून होतो असं मला वाटत होतं, म्हणून मी टायर बदलले. चांगल्या टायरने हॉप वाढला! साहजिक आहे, पकड जितकी जास्त तितका बुश जास्त दबणार. जुन्या गुळगुळीत टायरवर माझी गाडी नुसती चाकं फिरवत निघायची, जॉइंट शाबूत राहायचा. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी बुश, मग टायर. उलट केलंत तर अ‍ॅक्सल जाईल.

बुश तपासायचा कसा? गाडी लिफ्टवर घ्या, आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिथे बसतो त्या चौकटीच्या) मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटा. रबर फाटलेलं दिसलं, किंवा आर्म सहज पुढेमागे सरकला, तर बुश गेला. नुसतं खालून टॉर्च मारून बघू नका. माझ्या बुशला वरून काही झालेलं दिसत नव्हतं, चीर आतल्या बाजूला होती. पुण्यातले स्पीडब्रेकर आणि सात-आठ वर्षं झाली असतील तर बुश गेलाच आहे असं धरून चाला. दुसरा मार्ग मोबाइलचा. मित्राला बाजूला, सुरक्षित अंतरावर उभा करा, मोकळ्या खासगी जागेत हळू लाँच करा आणि पुढच्या चाकाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. चाक फेंडरच्या कमानीत पुढेमागे नाचताना स्पष्ट दिसतं. हे सार्वजनिक रस्त्यावर करू नका. रस्त्यावर शर्यत आणि वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि कोणाचा तरी जीव जाऊ शकतो.

बदलताना दोन पर्याय. कंपनीचा नवा रबरी बुश, किंवा पॉलियुरेथेनचा. पॉलियुरेथेन कडक असतो, लाँचला उत्तम, पण रस्त्यावरचा आवाज आणि थरथर आत येते, आणि बसवताना त्याच्यासोबत येणारं ग्रीस नीट लावलं नाही तर महिनाभरात कर्र कर्र सुरू होतं. घरचे रोज त्या गाडीत बसत असतील तर त्यांना आधी सांगा. पैसे कमी असतील तर निदान नवा रबरी टाका. नवा रबरी बुश फाटलेल्या जुन्यापेक्षा कितीतरी बरा. आणि गॅरेजवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: ज्या रबरी बुशमधून आडवा बोल्ट जातो तो बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायचा. चाकं लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडीची उंची कमी केली तरी हेच: बोल्ट सैल करा, गाडी उभी करा, पुन्हा आवळा. कॉइलओव्हर बसवल्यावर मी हेही केलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं.

बुशच्या जोडीला इंजिनचं खालचं माउंटिंग, ज्याला डॉगबोन म्हणतात. ते ढिलं असेल तर क्लच सोडताच इंजिन मागे कलतं आणि हॉपला तोही धक्का मिळतो. बोनेट उघडा, एकाला आत बसवून हँडब्रेक लावून क्लच अगदी हळू अर्धा सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन किती हलतं ते बघा. गाडीच्या समोर उभे राहू नका. कडक माउंटिंग टाका, पण तीनही बाजूंची अतिकडक टाकलीत तर डॅशबोर्ड वाजत राहील. खालचं एक पुरतं.

आता स्प्रिंग आणि शॉकअप, ज्यावर सगळे आधी उडी मारतात. पुढच्या ओढीच्या गाडीला मागची स्प्रिंग कडक हवी, म्हणजे मागचा भाग बसत नाही आणि नाक वर जात नाही. अमेरिकेत पुढच्या ओढीच्या ड्रॅग गाड्यांना मागे व्हीली बार (चाकं लावलेले दांडे) लावतात ते याच कामासाठी. पुंटोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा बीम) आहे, तिथे स्प्रिंग बदलणं सोपं आहे. पुढून गाडी फार खाली आणू नका. 35 मिलिमीटर खाली आणल्यावर माझ्या गाडीचे लोअर आर्म आडवे राहायचे सोडून बाहेरच्या टोकाला वर चढले, अ‍ॅक्सलचे कोन बदलले आणि शॉकअपचा दांडा बम्प स्टॉपजवळ (शेवटच्या रबरी अडसराजवळ) जाऊन बसला. यंदा मी पुढून 15 मिलिमीटरवर थांबणार आहे. आणि हो, गाडीच्या मूळ रचनेत बदल केला की कलम 52 लागू शकतं, म्हणून मूळ स्प्रिंग आणि शॉकअप जपून ठेवा, भंगारात देऊ नका.

शॉकअपला क्लिक (कडकपणा बदलायचे टप्पे) असतील तर मधून सुरुवात करा. मागचे दोन क्लिक कडक, एक रन, मग पुढचे बघा. स्वस्त कॉइलओव्हरवर एकाच बटणाने दाब आणि परत येणं दोन्ही बदलतं, त्यामुळे पुढचे पार टोकाला कडक करू नका. चाक जमिनीवर टेकायला शॉकअप मोकळा हवा, नाहीतर हॉप परत येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एका दिवसात चार बदलल्या होत्या आणि कशाने काय झालं ते आजही सांगू शकत नाही. वेळ मोजताना पाव मैलाचा, म्हणजे 402 मीटरचा आकडा बघू नका, पहिल्या 60 फुटांचा बघा. सस्पेन्शनचं काम तिथेच दिसतं, पुढे इंजिन आणि गिअर. धावपट्टीवर हा आकडा मिळणार नसेल तर जीपीएसवर मोजणारं यंत्र मित्राकडून आणा.

अँटीरोल बार: सरळ रेषेत त्याचा फारसा संबंध नाही, काढू नका, घरी परत याच गाडीने यायचंय.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवून. ओढ लागली की पुढची चाकं आत वळतात, म्हणून उभ्या गाडीला टो (वरून बघता चाकांचा आत-बाहेर कोन) अगदी किंचित बाहेर ठेवा. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) अर्धा अंश निगेटिव्ह, म्हणजे वरून आत, पुष्कळ झाला, वळणांसाठीचा दोन-अडीच अंशांचा कॅम्बर लाँचला टायरची आतली कडच वापरतो. आणि बुश ढिला असेल तर हे सगळं व्यर्थ आहे. यंत्रावर दिसणारा टो क्लच सोडल्याच्या क्षणी उरतच नाही. माझा हिरवागार कागद म्हणूनच खोटा ठरला. अलाइनमेंटवाल्याकडे जायच्या आधी बुश. परत सांगतो, आधी.

हवा: पुढे 26, मागे 38 पीएसआय, माझ्या 195/55 आर 16 टायरला. तुमची तुम्ही दोन-दोन पीएसआयने शोधा, 24 च्या खाली जाऊ नका.

बाकी यादी तुम्हाला माहीत आहेच. स्टेपनी आणि डिकीतलं सामान बाहेर, पेट्रोल पाव टाकी, हेल्मेट, लायसन्स, टो हूक, टॉर्क रेंच. चाकांचे बोल्ट धावपट्टीवर पोचल्यावर पुन्हा आवळायचे. एक जुना पण चालू अ‍ॅक्सल मिळाला तर सोबत ठेवा. जॅक, स्टँड, हातमोजे, पाणी.

पहिला रन अर्ध्या ताकदीने करा. परत आल्यावर गाडी थंड होऊ द्या, जॅकवर घ्या, स्टँड लावा आणि टॉमी घालून दोन्ही बाजूंचे मागचे बुश पुन्हा बघा. मित्र रांगेत बोलवत असतील तरी. मग दुसरा रन. निघताना हवा पुन्हा 32 करा, घाटात 26 वर उतरू नका.