बुटकी मोरपंखी आतून वाळू लागली तेव्हा

गंगापूर रोडवरील आमच्या अंगणातली बुटकी सोनेरी मोरपंखी मागच्या एप्रिलमध्ये आतून तपकिरी पडू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असावे असे समजून मी ते दुप्पट केले आणि तिथेच चुकलो. बुंध्याशी बोटभर उकरून पाहिले, तर नाशिकची ती काळी माती लाडवासारखी वळत होती आणि मुळांची टोके काळवंडली होती. रोप गड्ड्यासकट उचलून कुजलेली मुळे कापली आणि मुरूम, भरड वाळू व कुजलेले शेणखत मिसळलेल्या वीतभर उंच वाफ्यात ते किंचित वर बसवले. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली, तर मिरपुडीच्या कणांएवढे ठिपके चालू लागले. तो लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, होता; त्यासाठी आठवडाभर रोज सकाळी पानांच्या आतल्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारला. पूर्ण वाळलेल्या जुन्या काडीला पुन्हा पालवी येत नाही, म्हणून तेवढी छाटली. एका बाजूचे भगदाड (पाहुण्यांना ते हमखास दिसते) अजून भरलेले नाही. आता वरची दोन इंच माती कोरडी झाल्याखेरीज पाणी देत नाही आणि पाऊस सुरू होईपर्यंत दुपारी वर हिरवी शेडनेट ताणतो.