गोव्याचा कार्निव्हल वर्गात शिकवताना: तारीख, मुखवटा, चित्ररथ

कार्निव्हलचा प्रकल्प म्हटला की शाळा थेट मुखवटे रंगवायला घेतात. मुखवटे करावेतच, पण सहावी-सातवीच्या वर्गात पहिल्या दोन तासिका तारखेला द्या. खरं गणित तिथे आहे.

मुलांच्या गटांना तिथ्या छापलेल्या दिनदर्शिका द्या. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा शोधायची. तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी असेल तर पुढचा रविवार धरायचा. तिथून 46 दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. त्याच्या आधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस कार्निव्हलचे, म्हणजे सुरुवात ईस्टरच्या 50 दिवस आधी. 2026 मध्ये पौर्णिमा 2 एप्रिलला, ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून कार्निव्हल 14 ते 17 फेब्रुवारी. (चर्च आपली पौर्णिमा ठरावीक कोष्टकावरून काढतं, त्यामुळे 2019 सारख्या एखाद्या वर्षी हा हिशेब चुकतो. ते वर्ष सुरुवातीला देऊ नका.)

इथे दोन चुका हमखास होतात. उपवासकाळ 40 दिवसांचा असं वाचून मुलं 40 च मोजतात. मधले 6 रविवार त्यात धरलेले नसतात. दुसरी चूक लीप वर्षाची. 2024 साठी फेब्रुवारी 28 दिवसांचा धरला तर कार्निव्हलच्या सुरुवातीची 9 तारीख येते, खरी 10. उत्तर तुम्ही सांगू नका, वार तपासायला लावा. बुधवारऐवजी मंगळवार किंवा शनिवारऐवजी शुक्रवार निघाला की चूक मुलांनाच सापडते.

मग फळ्यावर महाशिवरात्रीच्या तारखा लिहा. 2025 मध्ये ती 26 फेब्रुवारीला आणि कार्निव्हल 1 ते 4 मार्चला. 2026 मध्ये 15 फेब्रुवारी, म्हणजे ऐन कार्निव्हलात. ईस्टरच्या पौर्णिमेपासून साधारण दीड चांद्रमास मागे गेलं की अमावास्या येते, म्हणून हे दोन्ही सण बहुधा शेजारी असतात. 2024 मात्र वेगळं: कार्निव्हल 10 फेब्रुवारीपासून आणि शिवरात्र 8 मार्चला. त्या वर्षी ईस्टरची पौर्णिमा चैत्राची नसून फाल्गुनाची होती. कारण शोधताना मुलं 2023 च्या अधिक श्रावणापर्यंत पोहोचतात. तेवढा वेळ त्यांना द्या.

मुखवट्याच्या खळीसाठी 1 वाटी मैदा 1 वाटी गार पाण्यात कालवून 4 वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गाठी होतात. बुरशी टाळायला 1 चमचा मीठ घाला. फुगवलेल्या फुग्याला खोबरेल तेलाचा हात लावून खळीत भिजवलेल्या, 2-3 सेंटिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्यांचे 4 थर द्या. पट्ट्या फाडलेल्या असाव्यात, कापलेल्या कडा नीट बसत नाहीत. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा कोऱ्या कागदाचा दिला तर कुठे राहिलं ते लगेच दिसतं. दोन थरांनंतर एक दिवस सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवला तर आतली हवा प्रसरण पावून फुगा फुटतो आणि ओलं कवच बसतं. विज्ञानाचा धडा खरा, पण मुखवटा गेला. वाळलेलं कवच उभं अर्धं कापलं की दोन मुखवटे होतात.

चित्ररथाची प्रतिकृती खोक्याची करा. ती 1 मीटर लांबीच्या फळीवर, रथाची रुंदी फळीच्या लांबीच्या दिशेने येईल अशी ठेवून फळीचं एक टोक हळूहळू उचला. रथ उलटण्याआधीच घसरतो, म्हणून फळीवर रथाच्या खालच्या बाजूला पट्टी चिकटवा. पाया 20 सेंटिमीटर रुंद आणि गुरुत्वमध्य 20 सेंटिमीटर उंचीवर असेल, तर टोक सुमारे 45 सेंटिमीटर उचलल्यावर रथ कलंडतो. मग दगड तळाशी बांधून पुन्हा मोजा.

नकाशावर पोर्तुगालचं लिस्बन, पणजी आणि ब्राझीलचं रिओ जोडा. गोव्याने रिओची नक्कल केली असं मुलं हमखास म्हणतात. प्रत्यक्षात पोर्तुगीजांनी हा सण दोन्हीकडे नेला. ब्राझील 1822 मध्ये स्वतंत्र झाला, गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला. घड्याळही लावा: पणजीत संध्याकाळचे 6, तेव्हा रिओत सकाळचे 9:30.

भाषेच्या तासाला कार्निव्हलचा राजा किंग मोमो याचं फर्मान. 'खा, पिये आनी मजा कर' हा त्याचा कोकणी हुकूम सांगून शाळेसाठी दहा ओळींचं मराठी फर्मान लिहायला द्या: प्रत्येक वाक्य आज्ञार्थी, एक तरी आज्ञा शिक्षकांना, आणि कोणाच्या रंगावर, शरीरावर किंवा जातीवर विनोद नाही. ही शेवटची अट लेखन सुरू होण्याआधीच सांगा. नंतर खोडायला लावलं तर मुलं पुढचं फर्मान बेतानंच लिहितात.