वडापावच्या दुकानातल्या पोरांचा पगार कसा ठरवायचा

नवीन दुकान टाकणारे भेटायला येतात, तेव्हा तेलाचा डबा कुठून घेता, पावाची लादी कितीला पडते, जागेचं डिपॉझिट किती, हे सगळं तासभर विचारतात. मग उठता उठता म्हणतात, "ताई, पोरांना किती द्यायचं?" हा प्रश्न पहिला विचारायला हवा, कारण वडापावचा दर छापण्याआधी याचं उत्तर हातात लागतं.

माझं पुण्यात कर्वेनगरला वडापाव, सँडविच आणि चायनीजचं दुकान आहे. तळणीवर एक जण, चायनीजचा एक कारागीर, दोन हेल्पर, काउंटरवर एक मुलगी आणि भांड्यांना मावशी, अशी सहा माणसं. मी ज्या पद्धतीने पगार ठरवते ती इथे सविस्तर लिहिते आहे. दुकान तुमचं, आकडे तुमचे घाला.

बहुतेक जण सुरुवात कुठून करतात? शेजारच्या गाडीवरून. "तो दहा देतो, आपण साडेदहा देऊ." त्या शेजाऱ्याने तरी तो आकडा कुठून आणला? त्याच्या शेजाऱ्याकडून. अख्ख्या गल्लीत कुणीच हिशोब केलेला नसतो. म्हणून गल्लीचा भाव शेवटी बघा, तोही फक्त आपला आकडा त्याच्या खाली नाही ना, एवढ्यापुरता.

आधी कायद्याचा आकडा काढा

राज्य सरकारने हॉटेल आणि उपाहारगृहांसाठी किमान वेतन ठरवलेलं आहे. कामगार आयुक्तांच्या 'महाकामगार' संकेतस्थळावर ते बघायला मिळतं. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. तुमचं गाव किंवा शहर कोणत्या परिमंडळात (दर ठरवण्यासाठी पाडलेल्या विभागात) येतं, माणूस कुशल, अर्धकुशल की अकुशल या वर्गात बसतो, आणि मूळ दरावर विशेष भत्ता किती आहे. नवखे दुकानदार मूळ दर बघतात आणि भत्ता सोडून देतात. खरा किमान पगार या दोन्हींची बेरीज आहे. भत्ता महागाईच्या निर्देशांकाला बांधलेला असतो आणि १ जानेवारी व १ जुलैला, असा वर्षातून दोनदा बदलतो. या दोन तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर आजच लाल पेनाने लिहून ठेवा.

"आमची तर गाडी आहे, आम्हाला कुठला कायदा?" असं म्हणणारे भेटतात. २०१९ची वेतन संहिता, म्हणजे पगाराचा केंद्राचा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे आणि तिच्यात किमान वेतन सगळ्याच कामांना आहे, दोन माणसांच्या गाडीलाही. सर्वोच्च न्यायालयाने तर १९५०च्या दशकातच, क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात, सांगून ठेवलंय की जो धंदा कामगाराला किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. मला हे पूर्ण पटतं. स्वस्त मजुरीवर तगलेलं दुकान हे दुकानच नव्हे.

आणि माणूस घेताना वयाचा पुरावा बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला किती द्यायचं हा प्रश्नच उद्भवत नाही, त्याला कामावर ठेवताच येत नाही. हॉटेल-ढाब्यांवर ही बंदी २००६पासून आहे, आणि तरी टेबल पुसणारी लहान पोरं आजही दिसतात.

मग माणसाच्या महिन्याचा हिशोब मांडा

कायद्याचा आकडा ही सगळ्यांत खालची पायरी. त्यावर कुठे थांबायचं हे ठरवायला मी कागद घेते आणि तो माणूस पुण्यात महिना कसा काढेल ते लिहिते.

आमच्याकडची पोरं नांदेड, लातूर, सोलापूरकडची, एखादा नेपाळचा. ती कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन, राहतात. समजा कॉटचे ३,५०० रुपये. दुपारचं जेवण दुकानात होतं, रात्रीचा डबा आणि सुट्टीच्या दिवसाचं खाणं धरून २,५००. बसभाडं ९००. मोबाइलचं रिचार्ज ३५०. साबण, तेल, कपडे, केस कापणं, कधी डॉक्टर, यांचे मिळून १,२५०. झाले ८,५००. आता तो पुण्यात आला कशाला? घरी पैसे पाठवायला. गावी आईवडील आहेत, धाकटी बहीण शिकते आहे. ६,००० तरी पाठवता आले पाहिजेत. म्हणजे १४,५००. हा आकडा आणि कायद्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवा आणि जो मोठा असेल तो धरा.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतन कसं काढायचं याचं सूत्र ठरलं. कमावणाऱ्यामागे तीन खाणारी तोंडं धरायची, प्रत्येकी रोज २,७०० कॅलरींचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी २० टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी २५ टक्के जोडायला सांगितलं. एकट्या पोराच्या पोटापुरता पगार काढणं या सूत्रात बसतच नाही. माझ्या कागदावरचे सहा हजार तिथून येतात. मावशींचा हिशोब करताना तर कॉट नाही, खोलीचं भाडं आणि शाळेची फी धरावी लागते.

दुकानातलं जेवण, चहा, राहायला दिलेली जागा पगारात मोजू नका. "जेवूनखाऊन नऊ हजार" ही आपल्या धंद्यातली जुनी बोली आहे. त्यात जेवणाची किंमत मालक ठरवतो आणि पोराला ती कधी कळतच नाही. पगार रोख किंवा खात्यात पूर्ण द्या, जेवण वेगळं द्या.

काम बघून वर्ग ठरवा

हेल्पर म्हणून आलेला पोरगा पहिल्या दिवशी बटाटे सोलतो, कांदा चिरतो, पाव कापतो. ठीक आहे, अकुशल. पण काही महिन्यांनी बघा. पीठ किती सैल हवं हे तो बोटाला लावून सांगतो. तेल तापलंय की नाही हे एक थेंब सोडून ओळखतो. संध्याकाळी सहाच्या गर्दीत घाण्यामागून घाणा काढतो आणि एकही वडा आतून गार जात नाही. मिरची तळताना तेल कमी उडेल अशी चीर पाडतो. त्या दिवसापासून तो हेल्पर राहिलेला नाही, तरी हजेरी वहीत हेल्परच लिहिलेलं असतं आणि पगार तिथेच अडकतो. माझ्याकडे नियम असा आहे की कुणी सलग महिनाभर तळणी एकट्याने सांभाळली की पुढच्या महिन्यापासून त्याचा वर्ग बदलतो. त्याने मागायची वाट बघायची नाही. ही पोरं मागत नाहीत. लाजतात, आणि एके दिवशी पलीकडच्या चौकात दुसऱ्या कढईपाशी उभी दिसतात.

उष्णतेचं आणि धोक्याचं वेगळं मोजा. उन्हाळ्यात कढईपाशी उभं राहिलात का कधी दुपारी तीनला? मी तळणीवरच्या माणसाला त्याच्या वर्गाच्या पगारावर वेगळी रक्कम देते. शिवाय सगळ्यांना बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून देते. वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. एवढे पैसे दुकानाने भरावेत. माणसं दहा किंवा जास्त झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतं. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या माणसामागे मालकाचे सव्वातीन टक्के आणि त्याचा पाऊण टक्का. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. वाढता धंदा असेल तर हे आकडे आधीच गणितात घ्या.

बाईमाणसाच्या पगाराबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथे आपल्या धंद्यात उघड अन्याय चालतो. चटणी वाटणं, भाजी निवडणं, पीठ भिजवणं, भांडी, ही कामं बायकांकडे जातात आणि ती "घरचीच कामं" म्हणून स्वस्त धरली जातात. अहो, लसणाची कोरडी चटणी बिघडली तर गिऱ्हाईक परत येत नाही! तेच काम पुरुष करत असता तर किती दिलं असतं, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारा आणि तोच आकडा लिहा. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६पासून आहे, वेतन संहितेतही तो कायम आहे.

तास, सुट्टी आणि जादा काम

पगार ठरला म्हणजे किती तासांचा ठरला? सकाळी सातला शटर वर आणि रात्री अकराला खाली, मधे एकच माणूस, हे चालणार नाही. आठवड्याला ४८ तास धरा आणि दोन पाळ्या करा. त्यापलीकडच्या तासाला दुप्पट दर. गणित सोपं आहे. महिना १५,६०० असेल तर २६ने भागा, रोज ६०० आले. आठ तासांनी भागा, तासाला ७५. जादा तासाला १५०. गणपतीत आणि दिवाळीआधीच्या रविवारी हे पैसे द्यावेच लागतात, म्हणून ते वर्षाच्या खर्चात आधी धरा. कॉलेजची मुलं संध्याकाळी पाच ते दहा येतात, त्यांनाही याच हिशोबाने तासावर द्या. "शिकतोय ना, चालतंय" म्हणून पन्नास रुपयांवर भागवू नका.

आठवड्याची सुट्टी पगारी. आमच्याकडे रविवारी धंदा जास्त, म्हणून सुट्टी सोमवार ते गुरुवार वाटून दिलेली आहे. आणि रात्री उशिरा बंद करणाऱ्याची शेवटची बस चुकते, तर त्याचे रिक्षाचे पैसे दुकानाचे.

हे परवडतं का?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशोब दाखवते. समजा सहाही जणांना महिन्याला दीड हजार वाढवून दिले. झाले ९,०००. दिवसाला ७०० वडापाव जातात, महिन्याचे २६च दिवस धरले तरी १८,२०० वडापाव. भागाकार करा. एका वडापावमागे पन्नास पैसेसुद्धा होत नाहीत. यात सँडविच आणि चायनीज धरलेलंच नाही. तेलाचा डबा महागला की आपण एका रात्रीत दर दोन रुपयांनी वाढवतो आणि गिऱ्हाईक कुरकुरून का होईना देतं. मग पगाराच्या वेळीच हात का आखडतो? तुमचा धंदा दिवसाला शंभर वडापावांचा असेल तर हे गणित बसणार नाही, ते मला मान्य आहे. तेव्हा माणसं कमी ठेवा, पदार्थ कमी ठेवा, स्वतः तळणीवर उभे राहा. पण जो ठेवाल त्याला पूर्ण द्या.

उचल, कापाकापी आणि हिशोब मिटवणं

उचल मागितली जाणारच. बहिणीचं लग्न, पेरणी, वडिलांचं ऑपरेशन. द्या, बिनव्याजी द्या, वहीत लिहून सही घ्या. फेड करताना महिन्याच्या पगाराच्या चौथ्या भागाहून जास्त कापू नका, नाहीतर तो पुन्हा उचल मागेल. कायद्यानेही सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. ग्लास फुटला, गल्ल्यात शंभर कमी आले, म्हणून पगाराला हात लावू नका. गर्दीत सुटे देताना हे होतंच, तो धंद्याचा खर्च आहे.

पंधरा दिवसांचा पगार दाबून ठेवायची पद्धत बंद करा. पोरगा पळून जाऊ नये म्हणून ती करतात असं सांगतात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि माणूस काम सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब, असं संहिता सांगते.

दिवाळीला बोनस वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानाला बंधनकारक नाही. मी एक पगार देते, वर्ष भरलं नसेल तर जितके महिने झाले त्या प्रमाणात.

शेवटचं काम पहिल्याच दिवशी करायचं. एका कागदावर पगार, तास, सुट्टीचा वार, जेवण, जादा तासाचा दर, पगाराची तारीख आणि पुढची वाढ कधी बघणार हे मराठीत लिहा. नेपाळी किंवा हिंदी पोरगा असेल तर त्याला वाचून समजावून सांगा. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडे. फोटो काढून त्याच्या मोबाइलवरही पाठवा, म्हणजे तो घरच्यांना दाखवू शकेल.