गुलमर्गला हिमवादळ येण्याआधी: अंदाजाची तयारी

अंदाजाची सुरुवात पाच दिवस आधी, भूमध्य समुद्रापासून इराण-अफगाणिस्तानपर्यंत नजर ठेवून करायची. काश्मीरला बर्फ देणारे पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हवामान प्रणाली) तिकडूनच येतात. या टप्प्यावर 'येतोय का आणि साधारण कधी' एवढंच ठरवा, सेंटिमीटरचा आकडा कुणी कितीही मागितला तरी देऊ नका. 500 हेक्टापास्कलच्या नकाशात (हेक्टापास्कल हे हवेच्या दाबाचं एकक; दाब जितका कमी, तितकी पातळी उंच) द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, किती खोल आहे आणि तिला अरबी समुद्राकडून ओलावा मिळतोय का, ते पाहा. ओलावा नसेल तर नुसतेच ढग आणि वारा पदरी पडतात. 850 हेक्टापास्कलचा नकाशा इथे बिनकामाचा: ती पातळी सुमारे दीड किलोमीटरवर, म्हणजे श्रीनगरच्या जमिनीलाच टेकते. गुलमर्ग आणि कोंगडोरी (गंडोला रोपवेचा मधला थांबा) यांच्यासाठी 700 आणि वरच्या अफरवट डोंगराच्या माथ्यासाठी 600 काढून ठेवा.

तीन दिवस उरले की जीएफएस (अमेरिकी) आणि युरोपियन ही हवामानाची संगणकी मॉडेल शेजारी-शेजारी लावा. सकाळच्या साडेपाचच्या निरीक्षणांवरचं जीएफएस दहाच्या आसपास हाती येतं, युरोपियन त्याहून उशिरा. त्यामुळे सकाळी सातचं अंदाजाचं पत्रक आदल्या संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या आकडेमोडीवरच निघणार, हे धरून चाला. मॉडेलच्या चौकटीत डोंगर सपाट झालेला असतो. त्याने तुमच्या ठिकाणाची उंची किती धरली आहे ते तपासा आणि फरकाच्या दर किलोमीटरला साधारण 6 अंश दुरुस्ती करा.

आता एकाच आकड्याचा मोह सोडा. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, गंडोलाचा दुसरा टप्पा संपतो तो साधारण 3,950 मीटरवर. खाली अधिक 1 अंश असेल तर वर उणे 7 च्या आसपास. बर्फ वितळल्यावर होणाऱ्या पाण्याचा अंदाज 20 मिलिमीटर असेल, तर खाली जड, ओला बर्फ 15 सेंमी आणि वर भुसभुशीत 25-30 सेंमी पडू शकतो. शून्य अंशाची रेषा आणि बर्फाची रेषा एक नव्हे. पडणारा बर्फ शून्य अंशाच्या रेषेखाली दोन-तीनशे मीटरपर्यंत टिकतो, हवा कोरडी असेल तर आणखीही. मार्चमध्ये हाच हिशेब चुकतो आणि तळाला पाऊस पडतो.

वाऱ्याचा तक्ता बर्फाच्या आधी भरा. गंडोलाचा दुसरा टप्पा अनेकदा वाऱ्यामुळेच बंद ठेवावा लागतो. द्रोणीच्या पुढे नैर्ऋत्य वारा, ती सरकली की वायव्य. नैर्ऋत्य वारा कड्यापलीकडचा बर्फ उचलून पूर्व-ईशान्य उतारांवर, म्हणजे नेमका स्कीइंगच्या बाजूला, थरांत रचतो. म्हणून 'किती पडला' याइतकंच 'कुठे साचला' महत्त्वाचं. चोवीस तासांत 30 सेंमी आणि जोडीला जोराचा वारा असेल तर पत्रकात हे पहिल्या ओळीत यावं. थंडीत सुरू होऊन उबेत संपणारं वादळ जास्त वाईट, कारण हलक्या थरावर जड थर बसतो. चंदीगडच्या डीजीआरईचं (डीआरडीओची हिमस्खलनांवर काम करणारी संस्था) हिमस्खलन पत्रक वाचाच, पण ते जिल्ह्याचं असतं, तुमच्या उताराचं नाही. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला 17 जवान दगावले, ते हिमस्खलनातच.

आदल्या संध्याकाळी उपकरणं पाहून घ्या. बर्फ मोजायला पांढरा रंग दिलेली 40 सेंमीची चौरस प्लायवूड पाटी, वाऱ्याच्या आडोशाला, पण वर झाड किंवा छप्पर नसलेल्या जागी. दर सहा तासांनी उंची मोजायची, तेवढा बर्फ वितळवून पाणी मोजायचं, पाटी झाडून नव्या बर्फावर समतल ठेवायची. झाडायची राहिली तर पुढचं मोजमाप खोटं, कारण खालचा बर्फ दबत जातो. गरम न होणारं पर्जन्यमापक बर्फाने बुजतं आणि शून्य दाखवत राहतं. वादळ भरात असताना वाऱ्याचा आकडा एकाएकी शून्यावर आला, तर वारा पडला म्हणू नका. वारामापकाचे कप गोठले असतील, आधी ते पाहून या.

वादळादरम्यान श्रीनगर आणि बनिहालच्या रडारकडे लक्ष असू द्या, मात्र डोंगराआडचा भाग रडारला दिसत नाही. शेवटी पुढचा झंझावात किती तासांनी येतोय ते लिहा. 48 तासांहून कमी अंतर असेल, तर नवा बर्फ बसायच्या आतच पुढचा भार येतो, आणि वरचे उतार कधी उघडायचे हे त्या अंतरावर ठरतं.